मेंदीला पाहायला सात जण आले

प्रतीक्षा अकर्तेचं पार्लर अमरावतीत राजापेठेच्या मागच्या बाजूला, एका कटलरीच्या दुकानाच्या वर आहे. मोर्शीकडच्या खेड्यातली ही माळ्याची मुलगी. बापाची संत्र्याची थोडी बाग, आणि त्या बागेला आवाजानंच राखणारी आई, दुर्गाबाई. बारावीनंतर प्रतीक्षा कोर्स करायला म्हणून शहरात आली, दुसऱ्यांच्या पार्लरात भुवया कोरत राहिली आणि पुढे स्वतःची पाटी लावली. नवरीचा मेकअप हा तिचा हातखंडा. लग्नसराईत तिला जेवायला फुरसत नसते.

स्वतःचं लग्न मात्र तिनं केलं नाही. का केलं नाही, याची जी कारणं नातेवाइकांत फिरतात ती तिला कधी एका ठिकाणी ऐकायला मिळाली नाहीत, नाहीतर तिचीही करमणूक झाली असती. ती स्वतः एवढंच म्हणते, "इतल्या नवऱ्या तयार केल्या. त्याच मंग सहा महिन्यांनी फेशियलले येतात, अन् बोलतात. मी ऐकतो."

मेंदी तिला कामावरच सापडली. बडनेऱ्याकडच्या एका मंगल कार्यालयात नवरीच्या खोलीमागे जनरेटर धडधडत होता आणि त्याच्या उबेला कुत्र्याचं एक पिल्लू अंग चोरून बसलं होतं. वरातीचा डीजे जवळ आला तसं ते थरथरायला लागलं. प्रतीक्षानं मेकअपच्या पेटीतले ब्रश काढून पिशवीत टाकले आणि पेटीत पिल्लू ठेवलं. रंग असा, की कोणीतरी पांढऱ्या केसांना घरची मेंदी लावून अर्धवट धुतली असावी. नाव शोधावं लागलं नाही.

मेंदी आली आणि प्रतीक्षाच्या भाड्याच्या खोल्या जायला लागल्या. पहिला घरमालक रोज सकाळी गाईला पहिली पोळी घालणारा भाविक माणूस. भूतदया ही गाईपाशी सुरू होऊन गाईपाशीच संपते, असं त्यानं तिला हात जोडून सांगितलं. दुसऱ्याची कुत्र्याला हरकत नव्हती, कुत्र्यानं भुंकण्याला होती. तिसऱ्यानं कसलीच हरकत घेतली नाही, फक्त पुढच्या महिन्यापासून दोन माणसांचं भाडं मागितलं. कुत्रीला माणसाचा दर्जा देणारा तेवढा एकच घरमालक तिला भेटला, आणि तोच सर्वांत महाग पडला.

"आता आपलंच घर घेतो," तिनं आईला फोनवर सांगितलं.

"लग्न कर म्हनलं तं घर घेऊन राहिली," दुर्गाबाई म्हणाल्या. "अन् तेही कुत्रीपायी! लोकं जावयापायी घेतात वं."

बँकेनं कर्ज मंजूर केलं. बँकेनं तिचे सगळे कागद मागितले, बापाचा सातबारा मागितला, पार्लरच्या खुर्च्या येऊन पाहिल्या. पण या सगळ्या प्रवासात मेंदीबद्दल एकही प्रश्न न विचारणारी संस्था म्हणजे बँकच, हे मान्य केलं पाहिजे.

घरं दाखवायला कुलदीप नावाचा एजंट होता. तरुण, कपाळावर गॉगल चढवलेला आणि मनातलं पोटात न राहणारा. पहिल्याच दिवशी त्यानं तिला बायपासकडच्या एका मोठ्या स्कीमवर नेलं. रस्त्यावरच्या फलकावर हिरवळ होती, हिरवळीवर गोरं कुटुंब होतं, आणि त्या कुटुंबापुढे सोनेरी केसांचा एक भला मोठा कुत्रा जीभ काढून हसत होता. खाली लिहिलं होतं, 'पेट फ्रेंडली होम्स'. प्रतीक्षाला वाटलं, आजच काम झालं.

ऑफिसातल्या टाय लावलेल्या मुलानं आधी तिचं आडनाव विचारलं, मग गाव, मग गावातलं घर नक्की कोणत्या बाजूला, हेही. आपल्याकडची रीतच आहे. मग म्हणाला, "पेट कोणत्या जातीचा आहे मॅडम?"

"जातीचा?"

"म्हणजे लॅब, पग, जर्मन शेफर्ड..."

"गावठी आहे."

मुलानं पेन खाली ठेवलं. "गावठीचं वरच्या साहेबांना विचारावं लागेल. फलकावर आपण ब्रीडचा दाखवलाय ना."

वरच्या साहेबांचं उत्तर आलं नाही. पुढच्या पंधरवड्यात आणखी पाच-सहा फ्लॅट पाहून झाले. एका ठिकाणी मालकानं विचारलं, "राहणार कोण कोण?" ती म्हणाली, "मी आणि मेंदी." मालकाच्या चेहऱ्यावर लगेच आपुलकी आली. "अरे वा, बहिणी-बहिणी!" कोण ते कळल्यावर आपुलकी गेली. शेवटी कुलदीपनं चहाच्या टपरीवर गाडी थांबवली.

"मॅडम, राग नका मानू. एकटी बाई चालून जाते. कुत्रंबी चालून जाते. दोन्ही एका फ्लॅटमंदी म्हनलं का मालक फोनच उचलत नाही. एक तरी कमी करा."

"कोणतं?"

कुलदीपनं खरंच विचार केला. "तसं पाह्यलं तं कुत्रं कमी करनं सोपं पडन."

दिवाळीच्या सुमाराला विद्यापीठ रोडकडचा एक फ्लॅट समोर आला. मालक पुण्याला गेलेला, त्याला विकायची घाई. तिसरा मजला, दोन खोल्या, लिफ्ट, आणि वर मोठी मोकळी गच्ची. प्रतीक्षाचा जीव त्या गच्चीतच अडकला. पार्लरचे टॉवेल रोज ढिगानं निघतात. ते वाळवायच्या जागेपायी तिनं आजवर सगळ्या घरमालकिणींशी भांडणं केली होती. इथं तर अख्ख्या गल्लीचे टॉवेल वाळले असते. इमारतीचं नाव सात्त्विक पार्क. मालकाला कुत्रीचं काही देणंघेणं नव्हतं. "फक्त सोसायटीची ना हरकत तेवढी घ्या," तो पुण्याहून म्हणाला.

प्रियदर्शनी नावाची एक वकील तिच्याकडे भुवया करायला यायची. तिनं डोळे मिटल्या मिटल्याच सांगितलं, "सोसायटीला कुत्र्यावर बंदी घालताच येत नाही. नियम सरळ तुझ्या बाजूनं आहे."

"मग नोटीस देऊ?"

"दे ना. निकाल तुझ्याच बाजूनं लागेल." धागा फिरत होता म्हणून ती जरा थांबली. "कुत्रं किती वर्षं जगतं गं साधारण?"

नोटीस बाजूला राहिली. सोसायटीनं निरोप धाडला की कमिटीला आधी प्राणी पाहायचा आहे. रविवारी सकाळी, अध्यक्षांच्या घरी.

हे ऐकून दुर्गाबाई मोर्शीहून पहिल्या एसटीनं पिशवीभर संत्री घेऊन आल्या. रिकाम्या हातानं कसं जायचं! प्रतीक्षानं मेंदीला आंघोळ घातली, कान पुसले, नवा पट्टा बांधला. निघताना दुर्गाबाईंनी सवयीनं तिच्या कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं.

अध्यक्ष शेषराव गावंडे सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी लोकांना 'उद्या या' सांगितलं. निवृत्तीनंतर सांगायला कोणी उरलं नाही म्हणून सोसायटीचं अध्यक्षपद घेतलं. त्यांच्या हॉलमध्ये कमिटीचे सात जण सोफ्यावर आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीनं बसले होते. गावंडेंच्या पत्नी इंदूबाई पोह्यांच्या प्लेटा घेऊन आत-बाहेर करत होत्या. त्या प्रतीक्षाच्या जुन्या गिऱ्हाईक. नजरानजर झाली तेव्हा ओशाळं हसल्या. मेंदी टीपॉयखाली जाऊन बसली.

दुर्गाबाईंनी ओळीवरून नजर फिरवली आणि लेकीच्या कानात कुजबुजल्या. त्यांची कुजबुज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाते. "दहा वर्सं झाली, माह्या पोरीले पाहाले एक जन नाही आला. अन् या कुत्रीले पाहाले सात जन बसले, बाप्पा!"

गावंडे खाकरले. "वय?"

"तीन वर्षं."

"आधी कुठं वास्तव्य?"

प्रतीक्षानं तिन्ही घरमालक सांगितले.

"मातापिता? म्हणजे घराणं वगैरे?"

"आई रस्त्यावरची होती," प्रतीक्षा म्हणाली.

"अन् बाप कोन ते ठाव नाही," दुर्गाबाईंनी प्रामाणिकपणे भर घातली.

मग खजिनदारानं विषय आहाराकडे नेला. प्रतीक्षा म्हणाली, दूध-पोळी, भात, कधीमधी अंडं.

"अंडं?" खजिनदार पाठ ताठ करून बसला. "मॅडम, इमारतीचं नाव वाचलं का तुम्ही?" हा गृहस्थ दर बुधवारी बडनेरा रोडच्या ढाब्यावर सावजी मटणाच्या रश्श्यात बोटं बुडवताना दिसतो, हे प्रतीक्षाला त्याच्याच बायकोकडून कळलेलं होतं. पण ती म्हणाली, "अंडं बंद करू." मेंदीला विचारण्यात आलं नाही.

"आता आवाज," गावंडे म्हणाले. "भुंकायला लावा जरा. किती मोठा आहे ते समजलेलं बरं."

"ती अशी सांगून नाही भुंकत."

सचिव कामाचा माणूस. तो खुर्चीवरून उठून टीपॉयपुढे ओणवा झाला आणि त्यानं स्वतःच दोन-तीनदा भुंकून दाखवलं. मेंदीनं त्याच्याकडे लक्ष देऊन पाहिलं, आणि पुढच्या पायांवर हनुवटी टेकून डोळे मिटले. सचिव गुडघे झटकत उठला.

"भुंकत नाही?" गावंडेंनी विचारलं.

"नाही फारशी."

"भुंकणारं कुत्रं चावत नाही, अशी म्हण आहे." ते थांबले. फायलीवर अर्धा शेरा मारून ती पुढे सरकवावी तसं त्यांनी ते वाक्य कमिटीपुढे सरकवलं. "म्हणजे जे भुंकत नाही..."

सहा माना हलल्या.

"तिनं आजवर कोणाला चावलेलं नाही," प्रतीक्षा म्हणाली.

"आजवर," गावंडे सचिवाला म्हणाले. "हा शब्द लक्षात ठेवा. आजवर."

संत्री ठेवून घेतली गेली. दारापर्यंत पोचवायला आलेल्या गावंडेंनी हात जोडले. "चर्चा करून कळवतो." हे तीन शब्द कोणत्या घरांत, कधी बोलले जातात ते दुर्गाबाईंना पाठ होतं. जिन्यातच त्या म्हणाल्या, "नकार हाय पोरी. मेंदे, तूही राहिली माय बिनलग्नाची."

नकार नव्हता. तीन-चार दिवसांनी सचिव पार्लरला आला. दारावर 'फक्त महिलांसाठी' लिहिलं होतं म्हणून तो जिन्यातच उभा राहिला आणि पाढे म्हटल्यासारख्या अटी म्हणून मोकळा झाला. लिफ्ट वापरायची नाही. रात्री दहानंतर ये-जा नाही. गच्चीवर जायचं नाही. घरी अनोळखी पुरुष यायचे नाहीत. गणपतीत मांडवाजवळ फिरकायचं नाही. पार्किंगमध्ये उगाच उभं राहायचं नाही. मोठा आवाज नाही. शेजारच्या मुलांशी सलगी नाही.

"दादा," प्रतीक्षानं विचारलं, "यातल्या मेंदीच्या कोणत्या आणि माझ्या कोणत्या?"

सचिवानं डोकं खाजवलं. "साहेबांनी सरसकटच सांगतल्या. तुमी दोघी घ्या ना वाटून."

तो गेल्यावर आतल्या बायका इतक्या हसल्या की एकीचा फेसपॅक तडकला. प्रतीक्षाही हसली. गिऱ्हाईक गेल्यावर ती खुर्चीत बसली, तेव्हा मात्र हसू येईना. लग्नाच्या सिझनमध्ये तिला घरी यायला अकरा-बारा सहज वाजतात. ती आपल्या पैशानं घर घेणार आणि आपल्याच घरी चोरासारखी येणार. आणि गच्ची नाही ती नाहीच. तिला सर्वांत जास्त त्या गच्चीचं वाईट वाटलं. तिनं दोऱ्या कुठून कुठं बांधायच्या ते मनात ठरवून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात इंदूबाई मुलीला घेऊन आल्या. रश्मीचं लग्न डिसेंबरात होतं आणि मेकअप प्रतीक्षाकडे ठरून गेला होता. रश्मी खुर्चीत बसल्यावर इंदूबाईंनी प्रतीक्षाला बाजूला घेतलं.

"आमच्या ह्यांचं मनावर घेऊ नको वं. रश्मीचं म्हणजे... ठरल्याप्रमाणेच ना?"

"काकू, घर वेगळं, धंदा वेगळा. रश्मीच्या चेहऱ्याशी माझं काय भांडण?"

प्रतीक्षाला तेच म्हणायचं होतं, त्यापलीकडे काही नाही. पण इंदूबाईंचा संसार अशा माणसाशी झालेला, ज्यानं सरळ वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. घरी पोचेपर्यंत त्या एका वाक्यानं त्यांच्या डोक्यात घर केलं. हिनं चेहऱ्याचंच नाव का काढलं? भांडण हा शब्द कुठून आला? ऐन लग्नाच्या दिवशी एक भुवई वर आणि एक खाली झाली तर? फोटो जन्मभर राहतात.

"पोरीचं तोंड तिच्या हातात हाय," त्यांनी नवऱ्याला जेवताना सांगितलं, "अन् तुमी तिच्या कुत्रीचा बाप शोधून राहिले!"

गावंडेंनी आयुष्यात मंत्र्यांचे फोन पचवले होते, पण हे पचलं नाही. शनिवारी दुपारी ते स्वतः पार्लरचा जिना चढले. 'फक्त महिलांसाठी' पाशी दोनदा खाकरले, आणि आत आले. आत तीन बायका चेहऱ्याला हिरवा लेप आणि डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून आडव्या पडल्या होत्या. गावंडे नजर जमिनीवर ठेवून एका स्टुलावर टेकले. समोरच मेंदी झोपली होती. ते बहुधा तिलाच उद्देशून बोलले.

"आपली सोसायटी पुरोगामी आहे. मुक्या जिवाच्या बाबतीत कमिटीनं एकमतानं फेरविचार केला. लिफ्ट मोकळी. गच्ची मोकळी. गणपतीतही येऊ शकते. अंडंही चालेल, दार लावून."

"आणि माझ्या अटी?" प्रतीक्षानं विचारलं.

"त्या... त्या राहतील. सध्या. पुढे सर्वसाधारण सभेपुढे ठेवू."

"सभा कधी आहे?"

"मार्चनंतर बघू."

"म्हणजे मेंदी गच्चीवर जाऊ शकते."

"अवश्य."

"मी नाही."

गावंडेंनी प्रश्नाचा प्रशासकीय विचार केला. "तिला खाली आणायला तुम्ही जाऊ शकता."

मधल्या खुर्चीतला हिरवा लेप बोलला. "काहून हो गावंडे भाऊजी, गच्चीवर तुमी अन् आमचे हे इंदूताईले चोरून मटनाचा डबा सोडता, तवा सात्त्विक कोठी जाते?"

आवाज सचिवाच्या बायकोचा होता. गावंडे दचकून उठले, आणि इतक्या वेळ सांभाळलेली त्यांची शुद्ध भाषा जिन्याकडे निघून गेली. "अवं माय, तुमी हाय का? मले का माहीत! अशा तोंडानं कोन ओयखू येते?"

प्रतीक्षानं त्यांना पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाली, "साहेब, मेंदीला एकटीला घर घेता आलं असतं तर मी तिला तुमच्याकडेच दिलं असतं. पण कर्ज माझ्या नावावर आहे. मलाही सोबत यावं लागेल. राहू द्या."

"म्हणजे रश्मीचं..."

"रश्मीचं ठरल्याप्रमाणे."

ते आले तसे घाबरतच गेले.

पुण्याच्या मालकाला नाही कळवून दोन दिवस झाले. मग कुलदीपचा फोन आला. "मॅडम, एक जुनं घर हाय. फ्लॅट नाही, भुईवर. लय लोकं पाहून गेले, जमत नाही. मालकिनीची अट हाय."

"कुत्र्याची?"

"तेच तं सांगून राहिलो. अट हाय, पन उलटी."

शहराच्या जुन्या भागात अजून काही माळ्यांची घरं आहेत, ज्यांच्या मागे हातरुमालाएवढे भाजीचे वाफे टिकून आहेत. त्यातलंच हे एक. दोन खोल्या, पुढे टिनाच्या छपराचा ओटा, मागे अंगण. मालकीण जमुनाबाई. आधी टोपलीत, मग हातगाडीवर, अशी जन्मभर भाजी विकलेली म्हातारी. मुलगा सागर अकोल्याला नोकरीला. त्यानं तिथं पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता आणि आईला न्यायचं ठरवलं होतं. ओट्यावर एक काळी-पांढरी मांजर ऐसपैस पसरली होती.

"हे ठकी," जमुनाबाई म्हणाल्या. "जो घर घेईन त्यानं ठकीले ठेवावं लागन. पोराच्या सोसायटीत मले राहू देतात, हिले नाही. मले बी मोठ्या मेहरबानीनंच."

"आधीच्या लोकांनी नाही म्हटलं?"

"नाही काहून म्हनतीन? सारेच म्हने, ठेवू ठेवू. मी कोनालेच नाही देल्लं. इतली जलदी हो म्हननारा मानूस मांजर ठेवत नसते."

प्रतीक्षा ओट्यावर टेकली. ठकीनं एक डोळा उघडला. "दूध कोणतं पिते? गाईचं का म्हशीचं?"

जमुनाबाई जरा पुढे सरकल्या. "म्हशीचं. गाईचं पातय लागते तिले. अन् थंडं नाही चालत."

"रात्री आत झोपते की बाहेर?"

"पेटीवर. माही पेटी मी ठेवून जातो, तिच्यासाठी."

कुलदीप किमतीचं बोलायला तोंड उघडत होता, ते त्यानं मिटलं. दोघींचं बोलणं ठकीच्या पोटावरून तिच्या नखांवर गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मेंदीला आणलं. कमिटी नव्हती, पोहे नव्हते. मेंदी शेपूट हलवत जवळ गेली आणि ठकीनं तिच्या नाकावर एक सणसणीत पंजा ठेवून दिला. मेंदी आधी मागे सरली, मग तिला बहुधा लाज वाटली, आणि ती अशी भुंकली की शेजारपाजारच्या बायका बाहेर आल्या. त्यांतली एक म्हणाली, "आवाज चांगला हाय वं. तिकडून डुकरं येतात वाफ्यात, कामी पडन."

खरेदीच्या दिवशी सागर अकोल्याहून आला. भला मुलगा, पण घाईचा. सही झाल्यावर तो प्रतीक्षाला हळूच म्हणाला, "मॅडम, मांजरीचं म्हणजे आईचं खूळ आहे. आठ दिवसांनी द्या सोडून कुठंबी."

जमुनाबाईंचे कान अजून बाजारातले होते. "तुले बी म्या असंच भाजीबाजारात सोडून देल्लं असतं तं बरं झालं असतं. कोनाच्या तरी बंगल्यात गेला असता!" रजिस्ट्रार ऑफिसातला कारकूनही हसला. सागर पाणी आणायला म्हणून बाहेर गेला.

गृहप्रवेशाला दुर्गाबाई आल्या, घर हिंडून पाहिलं. अंगणात दोन दोऱ्या आडव्या-उभ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांवर पार्लरचे टॉवेल. त्या ओट्यावर बसल्या, मांडीवर येऊन बसलेल्या मांजरीला दोनदा ढकललं, तिसऱ्यांदा राहू दिलं. "जमीन तं हाय पायाखाली," एवढं म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे प्रमाणपत्रच.

रश्मीचं लग्न झालं. दोन्ही भुवया जिथल्या तिथं होत्या, तरी इंदूबाई वधूच्या खोलीत फूटपट्टी घेतल्यासारख्या उभ्या होत्या. सात्त्विक पार्कमधला तो फ्लॅट पुढे एका डॉक्टरनं घेतला. त्याच्याकडे हस्की नावाचा बर्फातला कुत्रा आहे. तो जातीचा असल्यामुळे मुलाखत झाली नाही. वऱ्हाडच्या मे महिन्यात तो दिवसभर एसीखाली बसतो आणि वीज गेली की सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं रडतो. गावंडे त्याच्याबरोबर फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात.

उन्हाळ्याच्या शेवटी प्रतीक्षाला अकोल्याला एका नवरीचं काम मिळालं. काम उरकून ती जमुनाबाईंना भेटायला गेली. फाटकावरच्या चौकीदारानं विचारलं, "संगं जनावर तं नाही ना?"

"नाही. मीच आहे."

पाचव्या मजल्यावर जमुनाबाई गॅलरीत खुर्ची टाकून खालची पार्किंग पाहत बसल्या होत्या. सून चांगली, नातू चांगला, जेवायला वेळेवर. त्यांनी प्रतीक्षाची ख्यालीखुशाली विचारली नाही. "ठकी दूध पेते का?" विचारलं. मग प्रतीक्षानं फोनवर व्हिडिओ दाखवला: ठकी पेटीवर, मेंदी खाली. म्हातारीनं तो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला. मग उठून आत गेल्या आणि लुगड्यांची पिशवी घेऊन आल्या. भरलेलीच होती.

"आठ दिवस येतो," त्या सुनेला म्हणाल्या. सुनेनं सागरला फोन लावला, तोवर लिफ्ट खाली गेली होती.

एसटीत गर्दी होती. मूर्तिजापूरला दोन जागा मिळाल्या. जमुनाबाईंनी विचारलं, "वाफ्यात काय लावलं?"

"काहीच नाही मावशी. वेळच नाही मिळाला."

"काहीच नाही?" त्यांनी कपाळाला हात लावला. "पालक तरी टाकाचा होता वं. जागा अशी उघडी ठेवतात का कोनी?"

पलीकडच्या सीटवरची बाई हे ऐकत होती. तिनं चौकशी केली, "लेक का तुमची?"

"नाही वं," जमुनाबाई म्हणाल्या. "माह्या घरात राह्यते हे."

"मावशी," प्रतीक्षा म्हणाली, "घर मी विकत घेतलं."

"घेतलं ना. मी कोठी नाही म्हनलं?" जमुनाबाईंनी पिशवी तिच्या मांडीवर दिली आणि सरकून खिडकीची जागा घेतली. "त्या कोपऱ्यातल्या वाफ्यात पानी थांबते, तठी काही नको लावजो. बाकी घरी गेल्यावर पाहतो."